आरशाला कुणी सांगितलं?

गुरुवारी सकाळी दहाच्या आतच तो कच्चा रस्ता रिक्षांनी भरून जायचा. चिकलठाण्याच्या पलीकडं नव्यानं पाडलेले प्लॉट, त्यांत एक मोठं पत्र्याचं शेड आणि शेडबाहेर चपलांचा ढीग. त्या दिवशी चारशे जोड तरी असतील. आत ऊद जळत होता, भोंगा खरखरत होता आणि एक सेवेकरी घसा ताणून ओरडत होता, "मोबाईल बंद ठिवा! पाप केलं असंल तर लपवू नका! लपवून उपेग नाय, म्हाराजांचा आरसा हाय!"

लोक हसले, पण हसताना प्रत्येकानं पदर नाहीतर टोपी सारखी केली.

आरसेमहाराज पन्नाशीचे, तुकतुकीत अंगाचे, दाढीला तेल लावलेले. पुढ्यात चौरंगावर पितळी चौकटीचा आरसा. माणूस समोर बसला की महाराज आरसा आधी त्याच्याकडं फिरवायचे, मग स्वतःकडं, आणि डोळे बारीक करून म्हणायचे, "मी काय बोलत नाय बाबा. मी अडानी मानूस. आरसा बोलतो. अन् आरसा झूट बोलत नाय!"

एका बाईला आरसा म्हणाला, तुझ्या घरात कुणाचंतरी पोट दुखतं. बाई रडायलाच लागली. एका म्हाताऱ्याला म्हणाला, जमिनीच्या कागदावरून भावाभावांत वाकडं आहे. म्हातारा पायांवर पडला. मी मागं खांबाला टेकून उभा होतो. कोणत्या घरात पोट दुखत नाही, आणि कोणत्या जमिनीच्या कागदावर भाऊ भांडत नाहीत? मी कारखान्यात क्वालिटीला काम करतो. माल तपासायच्या आधी माप तपासायचं, हे तीस वर्षं शिकलोय. हे माप कुठंही लावलं तरी बरोबरच येणार होतं.

मग कडुबाचा नंबर आला, आणि माझं हसू तिथंच गेलं.

कडुबा सोयगाव तालुक्यातला, मेंढरं वळणाऱ्या घरातला. मेंढरं गेली, मग तो इकडं येऊन एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाला. सात महिन्यांपासून त्यानं दारूला हात लावला नव्हता. त्याची बायको दगडाबाई त्याला इथं घेऊन आली होती. नवऱ्याची दारू सुटली ती कायमची सुटावी, एवढंच तिला मागायचं होतं. कडुबाला एकट्यानं यायची भीती वाटली म्हणून त्यानं मला सोबत आणलं होतं.

महाराजांनी आरसा फिरवला.

"पोरगी व्हती तुला."

कडुबाचे खांदे आखडले.

"संस्कृती नाव. सहा वर्साची. भर दुपारी पान लागलं तिला. सापाचं जहर चढत व्हतं, अन् तुला गाडी आनायला धाडलं. तू वाडीत येऊन काय सांगितलंस? फाट्यावर गाडीच न्हवती." महाराजांनी आरसा उचलून कडुबाच्या तोंडाजवळ नेला. "तू फाट्यावर गेलाच नाय. अलीकडं लिंबाखाली गुत्ता व्हता. गुत्तेवाल्याला म्हनलास, एकच दे, घाई हाय. एकाचे दोन झाले. दोनाचे किती झाले रं?"



"खरं हाय, म्हाराज," कडुबा म्हणाला आणि जमिनीवर आडवा झाला.

"आरसेमहाराज की!" सेवेकरी ओरडला.

"जय!"

दगडाबाई रडली नाही. पदराचा बोळा तोंडात धरून ती उठली आणि बायकांच्या गर्दीतून वाट काढत बाहेर गेली. चपला तिथंच राहिल्या तिच्या. महाराजांनी कडुबाला एकवीस गुरुवार अनवाणी यायचं प्रायश्चित्त सांगितलं. वर म्हणाले, "अन् त्या बेवड्यांच्या सभेला जायाचं बंद. तिथं देव नाय."

ती बेवड्यांची सभा म्हणजे आम्ही.

मी इंद्रजीत मगरे. अकरा वर्षांपूर्वी मी मुकुंदवाडीच्या नाल्याकाठी सायकलसकट पडलेला असायचो. तिथून मला उचललं भिकनभाऊंनी. एसटीतले निवृत्त कंडक्टर, स्वतः एकेकाळी ड्यूटीवर पिऊन निलंबित झालेले. त्यांनी मला घरी पोचवलं आणि पुढचे तीन महिने रोज सकाळी सहाला दारात येऊन उभे राहिले. "आज नाही प्यायची. उद्याचं उद्या बघू." एवढंच म्हणायचे, आईच्या हातचा चहा घ्यायचे आणि निघायचे. मी माझ्या आईबापांवर नसेल इतका त्या माणसावर विश्वास टाकला.

त्यांनीच महापालिकेच्या एका शाळेत 'सोबत' नावाचा गट सुरू केला. बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी सहाला, चौथीच्या वर्गात. लहान बाकांवर गुडघे मुडपून आम्ही मोठी माणसं बसायचो. सुरुवातीला दोन मिनिटं प्रार्थना. रामप्रसाद रिक्षावाला देवीचं नाव घ्यायचा. विशाखाताई, म्हणजे एका दवाखान्यातल्या नर्स, मनात त्रिशरण म्हणायच्या. मी बौद्ध घरातला आणि त्यातही कशावर विश्वास न ठेवणारा. मी नुसता डोळे मिटायचो. भिकनभाऊ म्हणायचे, आपल्याहून मोठं असं काहीतरी मान, तुला वाटेल ते मान. मी समोरच्या बाकांवरची माणसंच मानली. माझं त्यावर भागलं.

नियम एकच होता. इथं ऐकलेलं इथंच ठेवायचं. त्या नियमावर सगळं उभं होतं. विशाखाताईंच्या दवाखान्यात कुणाला कळलं असतं की बाई बाथरूममध्ये कोंडून पीत होत्या, तर त्यांची नोकरी गेली असती, मुलीचं लग्न मोडलं असतं. तरी त्या तिथं बोलल्या आणि तीन वर्षं दारूशिवाय राहिल्या.

कडुबा सहा महिने काहीच बोलला नव्हता. एका बुधवारी शहरात कसला तरी बंद होता, म्हणून आम्ही पाचच जण आलो. भिकनभाऊ, विशाखाताई, रामप्रसाद, मी आणि तो. त्या दिवशी तो बोलला. सापाचं, गुत्त्याचं, "एकच दे, घाई हाय" हे शब्दसुद्धा. वीस मिनिटं बोलत होता, आणि बोलताना बाकावर पोरांनी कोरलेल्या नावांवरून बोट फिरवत होता. शेवटी म्हणाला, "दगडीला ठाव नाय. पोरीला जाऊन चार वर्सं झाली, अजून सांगितलं नाय. पर सांगनार हाय. दारू सोडून वरीस झालं की सांगतो. तवर तुमच्यापाशी सांगून बघितलं, तोंडातून निगतंय का."

निघालं होतं तोंडातून. विशाखाताईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. भिकनभाऊ ढसाढसा रडले.

आणि त्यानंतर चार आठवड्यांनी तेच शब्द भोंग्यावर ऐकू आले.

शनिवारी मी कडुबाच्या गेटवर गेलो. पायांत चपला नव्हत्या त्याच्या, दाढी वाढलेली. दगडाबाई शुक्रवारीच माहेरी निघून गेली होती.

"कडुबा, त्या बुवाला कुणीतरी सांगितलंय," मी म्हणालो. "आरसाबिरसा काही नाही. तू आणखी कुणाला बोलला होतास?"

"कुनालाच नाय. तुमा चौघांना."

"मग चौघांतल्याच कुणीतरी..."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मीच खजील झालो. "दादा, तुमी सांगितलं का?"

"नाही."

"भिकनभाऊ सांगतील का?"

"छे!"

"ताई सांगतील? अन् त्यो रामप्रसाद, त्यानं माझ्यासाठी रिक्षा बंद ठिवून आठ दिवस दवाखान्यात काडले, त्यो सांगंल?" कडुबा क्षीण हसला. "तुमी कुनीच सांगितलं नाय. मंग देवानंच सांगितलं. देवाला दिसलं व्हतं सगळं."

त्याचा हिशेब चुकलेला नव्हता. तो बुवाच्या पायाशी पडला होता, कारण आमच्यावरचा त्याचा विश्वास अजून शाबूत होता.

"सभेला ये," मी म्हणालो. "उद्या रविवार आहे."

"म्हाराज नगं म्हनलेत." मग गेटची साखळी हातात घोळवत म्हणाला, "आन् दादा, जिथं देवालाच माझा राग हाय, तिथं मी दारू सोडून काय करू?"

मी रविवारी गेलो, सोमवारी गेलो. भिकनभाऊही गेले. बुधवारी तो गेटवर नव्हता. अकराव्या दिवशी सकाळच्या पाळीच्या कामगारांना तो एका बंद कारखान्याच्या भिंतीलगत मेलेला सापडला, शेजारी दारूची बाटली. अनवाणी. पंचनाम्याच्या वेळी ओळख पटवायला माणूस नव्हतं, विशाखाताईंनी पटवली. दगडाबाईच्या भावानं येऊन त्याला गावाकडं नेलं. आम्हाला कुणी बोलावलं नाही, आणि जायला आम्हालाही तोंड नव्हतं.

महाराजांनी पुढच्या गुरुवारी भोंग्यावर सांगितलं, "प्रायश्चित्त मोडलं, देवीनं नेला." म्हणजे माणूस जगला असता तरी चमत्कार, आणि मेला तरी चमत्कारच!

मी तीन दिवस कामावर गेलो नाही. कडुबासारखाच विचार डोक्यात फिरत होता. चौघांपैकी कुणी सांगितलं नाही, तर मग कसं कळलं? आणि कळलं ते कुणीतरी सांगितल्यामुळंच, तर मग तो कोण? त्या तीन दिवसांत देशी दारूच्या दुकानासमोरून मी दोनदा गेलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझी चाल तिथं मंदावली. भिकनभाऊंना ते कुणी सांगितलं कोण जाणे, ते पुन्हा सकाळी सहाला दारात येऊन उभे राहायला लागले.

चौथ्या दिवशी मी कामावर गेलो आणि मनाशी ठरवलं की हे कामासारखंच करायचं. खराब माल कोणत्या मशीनमधून येतोय हे कळत नसेल, तर प्रत्येक मशीनच्या मालावर वेगळी खूण करतात.

मी एक खोटं रचलं. मला जुळा भाऊ होता, चंद्रमणी नावाचा, आणि आठ वर्षांचे असताना माझ्या हातून तो मेला. रामप्रसादला रिक्षात बसून सांगितलं की मी ढकलला आणि तो ट्रॅक्टरखाली आला. माझा पहिला संशय त्याच्यावरच होता, कारण त्याच्या रिक्षात आरसेमहाराजांचा फोटो लटकत होता. विशाखाताईंना सांगितलं की खदानीच्या कड्यावरून पडला. आणि भिकनभाऊंना सांगितलं, विहिरीत. त्यांना सांगायची गरज नव्हती असं मला वाटत होतं. पण तपासणीत एक मशीन आवडतं म्हणून सोडता येत नाही. तिघांनाही म्हणालो, "आई म्हणते आरसेमहाराजांकडं चल. येत्या गुरुवारी जातोय."

ज्या माणसांसमोर मी अकरा वर्षं एकही खोटा शब्द बोललो नव्हतो, त्यांच्याशी मी खोटं बोललो. विशाखाताईंनी माझा हात धरला आणि त्या रडल्या. न झालेल्या भावासाठी! मला वाटलं, इथंच थांबून खरं सांगून टाकावं. थांबलो नाही.

आईला मात्र सगळं खरं सांगितलं. माझी आई पारूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. लग्नाआधीच दीक्षा घेतलेली, देव्हारा कायमचा उचललेली. ती म्हणाली, "आपल्यात हे बुवाबाबाचं चालत नाय. पर त्या कडुबासाठी येते मी. लई गरीब होता बिचारा. माझ्या हातचं पिठलं मागून खायचा."

गुरुवारी आम्ही रांगेत बसलो. चपलांपाशी एक सेवेकरी बायकांशी गोड बोलून कोण कुठून आलं, घरात काय दुखणं आहे, सगळं विचारून घेत होता आणि थोड्या वेळानं आत जात होता. पोटदुखीचं ज्ञान आरशाला कुठून व्हायचं ते तिथंच दिसलं. पण आमच्या वाटेला तो आला नाही. आमचं त्याला विचारायची गरज नव्हती.

नंबर आला. महाराजांनी आरसा माझ्याकडं फिरवला, मग स्वतःकडं. डोळे बारीक केले. मी मनात घोकत होतो, ट्रॅक्टर म्हण, खदान म्हण.

"तुझ्या मानगुटीवर एक जीव बसलाय," महाराज म्हणाले. "तुझ्याच चेहऱ्याचा. तुझ्याच वयाचा. चंद्रमणी नाव त्याचं."

गर्दीत हळहळ उठली.

"आठ वर्साचा व्हता. अन् तू..." त्यांनी माईकजवळ तोंड नेलं, "तू त्याला इहिरीत ढकललास!"

आजूबाजूला जयजयकार चालू होता. मला तो ऐकूच आला नाही. मला दिसत होतं, सकाळचे सहा वाजलेत, दारात भिकनभाऊ उभे आहेत, आणि आई त्यांच्यासाठी कपात चहा ओततेय. जाळं मीच लावलं होतं, मासा गावला होता, आणि मला तिथंच मरून जावंसं वाटलं.

मी उठलो नाही. आई उठली.

"म्हाराज," ती म्हणाली, "मी ह्याची माय. मेलेल्या पोराचं नाव काय म्हनलात?"

"चंद्रमणी, माउली. रडू नको. त्याला मी..."

"रडत नाय मी. मला हा एकच लेक. ह्याच्या आधी नाय, नंतर नाय, जोडीला तर नायच. चंद्रमणी नावाचं माझ्या दारात बोकडसुदिक नव्हतं!"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. महाराजांचा चेहरा क्षणभर कोरा झाला, मग लाल. "ही म्हातारी भ्रमिष्ट हाय! अन् हा बेवडा, ह्याचं काय ऐकता! आरशाला दिसतंय ते..."

"आरशाला काय दिसतंय ते दिसू दे," आई म्हणाली. "बाळंतपन मी केलंय, आरशानं नाय."

आता मी उठलो. "लोकहो, मला भाऊ नव्हता. ही गोष्ट मी गेल्या आठवड्यात रचली. तीन माणसांना तीन तऱ्हेनं सांगितली. एकाला ट्रॅक्टर, एकाला खदान, आणि विहीर फक्त एकाला. विहीर सांगितलेला माणूस इथं येऊन सांगून गेला. कडुबाचं त्यानंच सांगितलं होतं. आरशात काही दिसत नाही. आरशाला कान आहेत, आणि ते आमच्या खोलीत बसलेले होते."

सेवेकऱ्यांनी मला ढकलत बाहेर काढलं. सदऱ्याची बाही फाटली. पण बाहेर येऊन बघतो तर चपलांच्या ढिगाशी माणसं आपापले जोड शोधत होती. सगळी नाही. निम्मी तरी.

रामप्रसाद रिक्षा घेऊन बाहेरच थांबला होता. त्यानं भोंग्यावर सगळं ऐकलं होतं. त्यानं रिक्षातला फोटो काढला आणि सीटखाली ठेवला. मग म्हणाला, "मला ट्रॅक्टर सांगितला होता. म्हंजे माझ्यावर शक होता तुमचा."

"होता," मी म्हणालो. "माफ कर."

"विहीर कुनाला?"

मी सांगितलं नाही. त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि त्याला कळलं.

भिकनभाऊ घरीच होते. अंगणात तुळशीला पाणी घालत होते. मला बघून हसले. "आलास? बस."

"विहीर," मी म्हणालो.

हातातला तांब्या त्यांनी हळूच खाली ठेवला.

"चौदा वर्षांत किती जणांना खांदा दिला मी, ठाऊक आहे तुला?" ते म्हणाले. "आपल्याकडं आलेल्या दहांतले सात परत पितात, इंदर. मी म्हातारा झालो. किती जणांच्या दारात उभा राहू? महाराज म्हणाले, यांच्या मनावरचं ओझं मला सांगा, मी देवाच्या धाकानं ते उतरवतो. मला पटलं. तुझ्यामाझ्या बोलण्याला माणूस भीत नाही. देवाला भितो. भीतीनं का होईना, वाचतील असं वाटलं. चारचौघांत सांगतील असं मला वाटलं नव्हतं. सभा बंद कर म्हणतील असंही नव्हतं वाटलं."

"कडुबा गेल्यावर तरी कळायला हवं होतं!"

"कळलं होतं. पण मान्य करायचं म्हणजे मी त्याला मारला असं मान्य करायचं. म्हणून मी म्हणत राहिलो, त्यानं प्रायश्चित्त मोडलं." त्यांनी तांब्या उगीच सरळ केला. "आणि तुझं... तू दुकानासमोर थांबलास हे मला कळलं. तू गेलास तर माझ्याजवळ काय राहतं? तुला वाचवायला सांगितलं रे मी."

मला त्यांना मारावंसं वाटत होतं, आणि त्यांच्या गळ्यात पडावंसंही. दोन्ही केलं नाही.

"प्यायलात?" मी विचारलं.

"नाही. पिऊन विसरता आलं असतं. म्हणून नाही प्यायलो."

आम्ही पोलीस ठाण्यात जादूटोणाविरोधी कायद्याखाली अर्ज दिला. शेडला कुलूप लागलं. आरसेमहाराज आता दुसऱ्या कुठल्या तालुक्यात बसतात म्हणे. आरसा नवीन आणलाय. आमचा वर्ग मात्र तीन रविवार रिकामा राहिला. चौथ्या रविवारी सात जण आले. त्यांच्यासमोर मी माझ्या खोट्याची कबुली दिली. विशाखाताई म्हणाल्या, "त्यांनी आमचं खरं बाहेर नेलं, तुम्ही आत खोटं आणलं. मी कुठं बसू आता?" आणि उठून गेल्या. त्या परत आल्या, पण चार महिन्यांनी. मधल्या काळात दोघं जण पुन्हा प्यायला लागले. त्यातला एक अजून पितोय.

भिकनभाऊंचं काय करायचं यावर बराच वाद झाला. शेवटी रामप्रसाद म्हणाला, "आधी त्या बाईला जाऊन सांगू दे. मंग बघू."

म्हणून भिकनभाऊ आणि मी एसटीनं सोयगावला गेलो आणि तिथून काळ्यापिवळी जीपनं दगडाबाईच्या माहेरच्या वाडीला. दुपारची वेळ होती. ती ओट्यावर ज्वारी पाखडत होती. आम्हाला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं, पाणी दिलं. भिकनभाऊ खाली जमिनीवरच बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

तिनं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, "त्यो मला सांगनार व्हता?"

"हो, वहिनी. दारू सोडून वर्ष झालं की सांगणार होता. पाच महिने राहिले होते."

एक कोंबडी सुपापाशी आली, तिनं ती हातानं हुसकली.

"मला ठाव व्हतं, भाऊ," ती म्हणाली. "त्या दिशी त्यो आला तवाच तोंडाला वास व्हता. पोरगी मांडीवर, अन् मला वास आला. चार वर्सं मी वाट बघितली, ह्यो कवा सांगतो. दारू सोडली तवा वाटलं, आता सांगंल. त्या मेल्या आरशानं मला नवं काय सांगितलं?"

"मग तुम्ही निघून का आलात?" मी विचारलं.

"लाजंनं. माझ्या लेकीचं मरन चारशे मानसांत वाटलं त्या बुवानं. मान वर करवंना. म्हनलं, पंधरा दिस माहेरी ऱ्हावं, मंग जावं परत." तिनं सूप पुन्हा हातात घेतलं, पण पाखडलं नाही. "पंधरा दिस बी थांबला नाय त्यो."

भिकनभाऊंनी कपाळ जमिनीला टेकवलं. तिनं त्यांना उठा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. भिकनभाऊ आता वर्गात येतात. दारू सोडायची इच्छा असलेल्या कुणालाही आमचं दार बंद नाही, हा नियम त्यांनीच केलेला. मात्र कुणी मनातलं बोलायला लागलं की ते आपणहून उठून व्हरांड्यात जातात.

लोक मला विचारतात, गोष्ट खरी होती ना, मग बुवा खोटा कसा? म्हणून हे लिहिलं. गोष्ट खरी असेल, नाव खरं असेल, तारीख खरी असेल. त्यानं चमत्कार सिद्ध होत नाही. कुणीतरी सांगितलं होतं एवढंच सिद्ध होतं. तेव्हा कुणी तुमच्या मनातलं ओळखलं तर पाया पडायच्या आधी एवढं विचारा, याला हे कळलं कुठून? रांगेत आपण कुणाशी बोललो? घरात, दुकानात, मित्रांत कुणाला सांगितलं? उत्तर सापडेल. सापडलेलं उत्तर आवडेलच असं नाही; मला आवडलं नाही. तरी विचारा. देव मानायचा तर माना, प्रार्थनेनं माझ्या शेजारच्या बाकावरची माणसं उभी राहिलेली मी पाहिली आहेत. पण जो देवाच्या नावानं तुमचं दुःख भोंग्यावर वाचतो, त्याच्यासमोर बसू नका.

आणि घरात कुणाला काही सांगायचं राहिलं असेल, तर वर्ष पुरं व्हायची वाट बघू नका. समोरच्या माणसाला ते बहुतेक आधीच ठाऊक असतं. तो ते तुमच्या तोंडून ऐकायला थांबलेला असतो.